दाताची ‘कीड’: एका शब्दाचा इतिहास

लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. गोडीशेव आणि रेवड्या मनसोक्त खाल्लेल्या पोराची दाढ रात्री ठणकू लागली, की घरातील वडीलधारे निदान करून मोकळे होतात: “दाताला कीड लागली.”

ही समजूत फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये ‘कृमिदंतक’ येतो. बॅबिलोनी मृत्तिकापट्ट्यांवरही दात पोखरणाऱ्या किड्याची कथा कोरलेली आहे. आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ही कीड ‘पाडली’ जाई. युरोपात तेच काम खुरासानी ओव्याच्या बिया करीत. खाली पडणारे ‘किडे’ म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांतील अंकुर. पण रुग्णाने पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असे. त्याला दोष कसा द्यावा? १७२८ मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने किडा शोधूनही सापडत नाही, असे ग्रंथात नोंदवले, तरी धुरी थांबली नाही.

वस्तुतः दातांवरचे खरे रहिवासी त्याआधीच दिसले होते. १६८३ मध्ये औरंगजेब दख्खनेत तळ ठोकून असताना, डेल्फ्ट येथील अँटनी व्हान लेव्हेनहूक या एकेकाळच्या कापडव्यापाऱ्याने दातांमधला पांढरा थर भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव पाहिले. ते हवेविना कसे जगतात, याची वाट १८६१ मध्ये लुई पाश्चरने दाखवली. काही जीवांना प्राणवायू नकोच असतो. आंबवण्याची क्रिया हाच त्यांचा श्वास. पुढे बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने १८९० मध्ये मांडले, की मुखातील जिवाणू पिष्ट व साखर आंबवून आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवते.

१९२४ मध्ये लंडनमध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून एक जिवाणू वेगळा केला. भोवतालच्या आम्लतेनुसार त्याचा आकार बदलतो, म्हणून नाव दिले ‘म्यूटन्स’. आकारच नव्हे, त्याचा सारा प्रपंच परिस्थितीवर चालतो, हे १९७० च्या दशकातील प्रयोगांनी दाखवले. ग्लुकोज मुबलक असले, की तो जवळजवळ सगळे ग्लुकोज लॅक्टिक आम्लात बदलतो. एका रेणूमागे ऊर्जेची केवळ दोन नाणी (एटीपी) मिळतात, पण काम झटपट उरकते. ग्लुकोज तुटपुंजे झाले, की हाच जिवाणू फॉर्मिक व अॅसिटिक आम्ल आणि इथेनॉल तयार करतो; मिळकत दोनाऐवजी तीन नाणी. दुष्काळात काटकसर आणि सुगीत उधळपट्टी, असा हा संसार! मात्र या काटकसरीच्या वाटेवरील एक विकर प्राणवायूच्या स्पर्शाने निकामी होते. म्हणून ती वाट थराच्या आतल्या, हवा न पोहोचणाऱ्या भागातच खुली राहते. सुगीचा काळ दातांना सर्वाधिक बाधतो.

जिवाणू तोच, अपराध मात्र आहारानुसार बदलतो. त्यामुळे प्राचीन दात हा आहाराचा दस्तऐवज ठरतो. महाराष्ट्रात असा दस्तऐवज घोड नदीकाठच्या इनामगावला (जि. पुणे) सापडला. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा काळ सुमारे इ. स. पू. १६०० ते ७००. घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली बालके तेथे मिळाली. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी या सांगाड्यांचा अभ्यास केला. दातांवर किडण्याच्या खुणाही आढळल्या. यात्रेतील रेवडी त्या लोकांना ठाऊक नव्हती. त्यांच्या शेतात जव पिके, आणि शिजवलेल्या धान्याचे पिष्ट दातांच्या फटीत अडकून राही. मुखातल्या त्या जुन्या रहिवाशांना तेवढे पुरत असे.