मान आणि धड

नवी वस्तू विकत आणायची आणि घरी आणल्या आणल्या स्क्रू उघडून तिच्या आतलं सगळं काढून टाकायचं, ह्याला काय म्हणावं? इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी पोरं ह्याला 'मॉडिंग' म्हणतात. अंबरनाथला राहणाऱ्या आमच्या भाच्याला सध्या हेच वेड लागलंय. त्याच्यापुढे दोन पर्याय आहेत. वीस हजारांच्या आतली साधी गिटार घ्यायची आणि उरलेल्या पैशांत तिचे भाग एकेक करून बदलायचे. नाहीतर पन्नास हजारांच्या आसपासची मधल्या दर्जाची घ्यायची आणि तिच्यात जुजबी बदल करायचे. मेहुण्यांचा प्रश्न मात्र सरळ आहे, "दुरुस्तच करायची तर नवी कशाला घ्यायची?" पैसे त्यांचे, त्यामुळे प्रश्नाला वजन आहे. उत्तर शोधायला म्हणून जरा इतिहासात शिरलो, आणि मग हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट म्हणजे, हे खूळ काही आपल्याला नवीन नाही. आपली बाजाची पेटीच बघा ना! युरोपातून आली तेव्हा ती पायाने भाता मारत, खुर्चीवर बसून वाजवायची होती. भारतीय बैठकीत तिचा काय उपयोग? कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी बनवली. मॉडिंगच की हे! पुढे ती महाराष्ट्रात इतकी रुजली की कीर्तनापासून नाटकापर्यंत तिच्यावाचून पान हलेना. जुन्या पेट्यांबद्दल बोलताना लोक लाकडाचं कौतुक करत नसत. ही 'जर्मन सुरांची', ती 'पॅरिस सुरांची', अशी ओळख असे. लाकूड किडलं, भाता फाटला, तरी कारागीर जुने सूर काढून नव्या पेटीत बसवत. म्हणजे कुठला भाग जपायचा आणि कुठला बदलायचा, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. गिटार घेतानाही खरा प्रश्न हाच आहे.

आता इलेक्ट्रिक गिटारकडे वळू. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा गृहस्थ १९३८ पासून रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होता. गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण दुरुस्तीला आलेली वस्तू कुठे उघडावी लागते आणि कुठे हात पोचत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. १९५० साली त्याने जी गिटार बाजारात आणली (१९५१ पासून तिचं नाव टेलिकास्टर), तिचं धड म्हणजे लाकडाची भरीव फळी आणि मान त्या फळीला चार स्क्रूंनी जोडलेली. मान खराब झाली तर स्क्रू काढा, दुसरी लावा. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तर तिन्ही पिकअप आणि त्यांचं बहुतेक वायरिंग एकाच प्लॅस्टिकच्या पत्र्यावर बसवलेलं. पत्रा उचलला की सगळं हातात! ह्याउलट गिब्सन कंपनीच्या १९५२ च्या लेस पॉलची मान सरसाने धडाला चिकटवलेली. वाद्य देखणं, पण मान बदलायची तर शस्त्रक्रियाच. आज मॉडिंग करणारे बहुतेकजण फेंडर पद्धतीची गिटार निवडतात, त्याचं मूळ ह्या रेडिओवाल्याच्या डोक्यात आहे.

मग स्वस्त गिटार आली कुठून? १९६५ साली लिओने कंपनी सीबीएसला विकली. सत्तरच्या दशकात फेंडरचा दर्जा घसरल्याची ओरड सुरू झाली. त्याच काळात टोकाई, ग्रेको ह्या जपानी नावांच्या गिटारी आल्या. होत्या हुबेहूब नकला, पण काम इतकं सफाईदार की मूळ कंपनीलाच घाम फुटला. शेवटी फेंडरने १९८२ साली जपानमध्येच उत्पादन सुरू केलं आणि त्या स्वस्त गिटारींना नाव दिलं 'स्क्वायर', पूर्वी विकत घेतलेल्या एका तारा बनवणाऱ्या कंपनीचं. पुढे हे काम कोरिया, चीन, इंडोनेशियाकडे सरकत गेलं. आज त्या सुरुवातीच्या जपानी स्क्वायर शोधून शोधून, चांगली किंमत देऊन घेतात लोक. नकलेच्या भीतीतून जन्मलेली वस्तू, आता तीच दुर्मिळ!

हे वाचताना मला उल्हासनगर आठवल्याशिवाय राहिलं नाही. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, तिथे फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते बसलेली शहराची कोनशिला. मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलंय, म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आपण सगळ्यांनी हसून ऐकलाय. पण ज्यांचं सगळं मागे राहिलं त्यांनी नक्कल करता करता हात तयार केला, ह्यात हसण्यासारखं काय आहे? जपानी कारागिरांना जग आज सलाम करतं, त्यांनीही सुरुवात नकलेनेच केली होती.

आणि आपल्याकडच्या गिटारी? कोलकात्याच्या कारखान्यांनी 'गिवसन', 'हॉबनर' अशी नावं लावून पिढ्यान्‌पिढ्या शिकाऊ हातांना गिटार पुरवली. नावं कुणाकडे बघून ठेवली ते सांगायला नकोच. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तर फेंडरसाठी 'स्क्वायर टू' आणि 'सन मस्टँग' ह्या नावांच्या काही गिटारी चक्क भारतात बनल्या. आयात महाग होती त्या काळात आपले वादक हाताशी असेल त्यातून वाट काढत. हिंदी चित्रपटसृष्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे व्हॅन शिप्ले तर स्वतः आखलेली आठ तारांची गिटार वाजवत.

मॉडिंगवाल्यांचं दैवत म्हणजे एडी व्हॅन हेलन. सत्तरच्या दशकात त्याने ५० डॉलरचं कारखान्यातलं डावं धड आणि ८० डॉलरची मान घेतली, त्यात गिब्सनचा पिकअप बसवला आणि १९७८ च्या पहिल्या अल्बमवर जगाला वेड लावलं. स्वस्त गिटार घ्यायचं समर्थन करताना भाचा हेच उदाहरण देतो. पण जरा आकडे बघा की! एडीने मानेवर धडापेक्षा जास्त पैसे खर्च केले होते.

इथेच सगळी मेख आहे. गिटारमधल्या बहुतेक गोष्टी बदलता येतात. स्वस्त गिटारींत सहसा सिरॅमिक चुंबकाचे पिकअप असतात, ते काढून अल्निकोचे लावता येतात. खुंट्या, वरचं नट, स्विच, हे सगळं तासाभराच्या कामाचं. वायर, कपॅसिटर, सोल्डर लॅमिंग्टन रोडला मिळतं. पण अडचणी तिथेच सुरू होतात. आशियाई बनावटीच्या पॉटचा दांडा बारीक, अमेरिकन पॉटचा जाड. भोकं कानशीने मोठी करावी लागतात. काही स्वस्त गिटारींचं धड नेहमीपेक्षा पातळ असतं, मग नव्या ब्रिजचा लोखंडी ठोकळा मागून बाहेर डोकावतो. तारांमधलं अंतर जुळत नाही. वीस हजारांची गिटार बघता बघता चाळीसवर जाते, आणि विकायला काढली की घेणारा वीसच्याही खालीच बोलतो.

मान मात्र सहज बदलता येत नाही. म्हणजे फेंडर पद्धतीत येते, पण चांगली मान विकत घ्यायची तर अख्ख्या स्वस्त गिटारीचे पैसे जातात. त्यात अंबरनाथ-बदलापूरचा पाऊस! चार महिने हवेत पाणी, मग कोरडा हिवाळा. लाकूड फुगतं, आक्रसतं, पडद्यांची टोकं पट्टीबाहेर येऊन बोटाला टोचतात. मानेतली लोखंडी सळई पावसाळ्याआधी आणि नंतर फिरवायची वेळ येते. मधल्या दर्जाच्या गिटारीत जास्तीचे पैसे प्रामुख्याने ह्यातच गेलेले असतात: नीट घासलेले पडदे, सळसळीत पट्टी, ऐकणारी सळई.

म्हणून मेहुण्यांना मी एवढंच सांगितलं: त्याला सोल्डरिंग शिकायचं असेल तर स्वस्त घेऊ द्या, ती त्याची शाळेची फी समजा, आणि वरचा खर्च मोजू नका. पुढची दहा वर्षं वाजवायचं वाद्य हवं असेल तर मधली घ्या, आणि पहिलं वर्षभर तिला स्क्रू ड्रायव्हर लावू देऊ नका. तिचं काय बदलायला हवं ते वाजवल्यावरच कळेल. स्वस्तच घ्यायची ठरली तर दुकानात पाच-सहा गिटारी हातात घ्यायच्या, रंगाकडे बघायचं नाही. डोळा लावून मान सरळ आहे का बघायचं, पडद्यांवरून तळवा फिरवायचा, प्रत्येक पडद्यावर तार दाबून सूर बसतोय का ऐकायचं. एकाच रांगेतल्या गिटारींत जमीनअस्मानाचा फरक सापडतो.

आणि "दुरुस्तच करायची तर नवी कशाला", ह्याचं उत्तर पेटीवाल्यांनी केव्हाच देऊन ठेवलंय. भाता नवा घालता येतो, लाकूडही नवं घालता येतं. पैसे मोजायचे ते सुरांचे.