गल्ल्यात तीनशे रुपये कमी पडले तर भरतं कोण? बिलिंग काउंटरवरच्या छोट्या चुकांमागचं गणित

महिन्याचा पहिला रविवार, संध्याकाळचे सात. सुपरमार्केटच्या काउंटरवर ट्रॉल्यांची रांग. बिल झालं 163 रुपये. ग्राहकाने नोट दिली आणि हातात परत आले 37 रुपये.

"ताई, मी पाचशे दिले होते."

"नाही सर, दोनशेच होते."

दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांनाही जे आठवतंय तेच ते सांगतायत. पण नोट ड्रॉवरमध्ये गेली, इतर नोटांत मिसळली आणि पुरावा संपला. मागून आवाज येतो, "अहो, आवरा लवकर!" इथून पुढे भांडण होणार की दोन मिनिटांत प्रश्न मिटणार, हे दोघं कसं बोलतात यावर ठरतं.

आधी हे समजून घ्या: गल्ला जुळतो कसा?

कॅशियरची शिफ्ट सुरू होते तेव्हा ड्रॉवरमध्ये ठरावीक सुट्टे दिलेले असतात. शिफ्ट संपली की ती सुरुवातीची रक्कम अधिक दिवसभरातली रोख विक्री, एवढे पैसे ड्रॉवरमध्ये असायला हवेत. कमी निघाले तर 'शॉर्ट', जास्त निघाले तर 'एक्सेस'.

म्हणजे वरच्या भांडणाचं उत्तर ड्रॉवरमध्येच आहे. ग्राहकाने खरंच पाचशे दिले असतील, तर हिशोबात 300 रुपये जास्त निघतील. त्यामुळे आवाज चढवण्यापेक्षा "कॅश टॅली करून बघता का?" एवढं विचारणं जास्त उपयोगाचं. गर्दीत लगेच जमलं नाही, तर बिलाचा फोटो काढून ठेवा, काउंटरवर नाव आणि नंबर द्या आणि दुकान बंद झाल्यावर हिशोब काय निघाला ते विचारा. काउंटरवर कॅमेरा असेल तर सुपरवायझरला तेही बघता येतं.

चूक होऊच नये म्हणून जुन्या दुकानदारांची एक साधी सवय आहे. नोट घेताना मोठ्याने बोलायचं, "पाचशे घेतले हं." सुट्टे देऊन होईपर्यंत ती नोट गल्ल्यात टाकायचीच नाही, बाजूला दिसेल अशी ठेवायची. मग बिलापासून वर मोजत जायचं: 163 वर 2 म्हणजे 165, त्यावर 5 म्हणजे 170, मग 30 देऊन 200 आणि 300 देऊन 500. समोरचाही मनात मोजत असतो, त्यामुळे चूक तिथल्या तिथे सापडते. कॅशियर बोलला नाही तर ग्राहकाने "पाचशे देतोय" म्हणावं. त्यात अविश्वास काही नाही.

तीनशे रुपये गेले कुणाचे?

'एवढं मोठं दुकान आहे, त्यांना काय फरक पडतो?' असं आपण सहज म्हणतो. पण बऱ्याच ठिकाणी शॉर्ट रक्कम कंपनी सोसत नाही, ती कॅशियरच्या पगारातून कापली जाते. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याला तीनशे रुपयांची कपात किती लागते, हे वेगळं सांगायला नको.

कायदा याला परवानगी देतो, पण सरसकट नाही. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात आणि त्यानंतरच्या 2019 च्या वेतन संहितेतही अट अशी आहे की ज्या पैशांचा हिशोब द्यायची जबाबदारी कर्मचाऱ्यावर आहे, ते त्याच्या हलगर्जीपणामुळे किंवा कसुरीमुळे गेले असतील तरच कपात करता येते. कपात नुकसानीपेक्षा जास्त असू शकत नाही आणि त्याआधी कर्मचाऱ्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. अनेक कॅशियरना हे माहीतच नसतं.

आणि जास्त पैसे परत आले तर?

पन्नासच्या जागी शंभरची नोट आली, तर 'लॉटरी लागली' म्हणून खिशात घालणारे कमी नाहीत. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 72 मात्र स्पष्ट आहे. चुकून मिळालेले पैसे परत करावे लागतात. हे दोन्ही बाजूंना लागू होतं. ग्राहकाने चुकून जास्त दिले असतील, तर दुकानदारालाही ते ठेवून घेता येत नाहीत. 'काउंटर सोडल्यावर तक्रार चालणार नाही' अशी पाटी असली तरी चुकीने आलेले पैसे त्या पाटीमुळे कुणाच्या मालकीचे होत नाहीत. फक्त नंतर सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून तिथेच मोजून घेतलेलं बरं.

परत कसे करायचे? हळू आवाजात. "हे बहुतेक जास्त आलेत, एकदा बघता का?" एवढं पुरे. सुपरवायझरला ऐकू जाईल असं "अहो, तुम्ही चुकलात!" म्हटलं, तर पैसे परत करूनही त्या माणसाची पंचाईत होते. घरी गेल्यावर लक्षात आलं तर बिलावर बहुतेक वेळा दुकानाचा फोन, काउंटर नंबर आणि वेळ छापलेली असते. त्याच रात्री फोन केला तर हिशोब शॉर्ट का आला, ते कॅशियरला सांगता येतं.

एकच वस्तू दोनदा बिलात

ही सगळ्यात नेहमीची चूक. इथे ग्राहक चिडतो तो उशिरामुळे. "एक साबण काढायला एवढा वेळ?" पण बऱ्याच सुपरमार्केटमध्ये बिलातली वस्तू रद्द करण्याचा अधिकार कॅशियरला नसतो. सुपरवायझरने येऊन पासवर्ड टाकावा लागतो, नाहीतर कुणीही बिलं रद्द करून पैसे काढेल. म्हणजे तो टाळाटाळ करत नसतो, तोही वाटच बघत असतो.

रॅकवर एक किंमत आणि बिलात दुसरी, हेही तसंच. सिस्टीममध्ये किमती भरणारा माणूस वेगळा असतो. पॅकबंद वस्तूवर छापील एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, हे ठामपणे सांगा, पण मॅनेजरला.

यूपीआय आणि 'पैसे कटले, पण आले नाहीत'

ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले आणि दुकानातला स्पीकर मात्र गप्प. इथे ग्राहकाला वाटतं दुकानदार फसवतोय आणि दुकानदाराला वाटतं स्क्रीनशॉट खोटा आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार, दुकानदाराला पेमेंट झाल्याचं कळलंच नाही, तर पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. म्हणून जमत असेल तर रोख द्या किंवा ओळखीच्या किराणावाल्या काकांना "संध्याकाळी बघून सांगा" म्हणा. ही चूक दोघांचीही नसते.

'अहो'चं 'ए' होतं तेव्हा

चूक सापडली की मराठीत सगळ्यात आधी सर्वनाम बदलतं. मघाशी "ताई, पिशवी द्या ना" म्हणणारा क्षणात "ए, नीट बघ ना!" वर येतो. काउंटरपलीकडची मुलगी वीस वर्षांची असली तरी ती कामावर आहे, तिला 'तुम्ही'च म्हणायचं. तिकडूनही "तुम्हीच नीट बघा" ऐवजी "सॉरी हं, माझं चुकलं, लगेच करून देते" आलं, तर बहुतेक लोक "असू दे, होतं" म्हणून मोकळे होतात.

मोबाईल काढून कॅशियरचं शूटिंग करणं हा तर नवाच प्रकार आहे. वीस रुपयांच्या चुकीसाठी त्याचा चेहरा हजारो लोकांपर्यंत पोचतो आणि नंतर हिशोब जुळला तरी व्हिडिओ फिरतच राहतो. दुकान खरोखरच एमआरपीपेक्षा जास्त घेत असेल किंवा बिल द्यायला नकार देत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. तिथे तक्रार दुकानावर नोंदवली जाते, काउंटरवरच्या मुलीवर नाही.