दोन वचनांमधली फट

आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधल्या वंशावळी आणि राजांच्या कारकिर्दी जुळवून सृष्टीचा आरंभ इसवी सनपूर्व ४००४ च्या ऑक्टोबरात बसवला. १७०१ पासून हे साल इंग्रजी बायबलच्या समासात छापलं जाऊ लागलं आणि अनेकांना ते मूळ वचनाइतकंच पवित्र वाटू लागलं. छापील आकड्याचा दरारा असतोच!

पुढे खडकांनी घोळ घातला. थर आणि जीवाश्म सहा हजार वर्षांत मावेनात. १८१४ मध्ये स्कॉटिश धर्मोपदेशक थॉमस चामर्स यांनी तोडगा काढला: बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या वचनात देव आकाश-पृथ्वी घडवतो, दुसऱ्यात पृथ्वी ओसाड आहे, मधला काळ हवा तेवढा लांब माना.

ऑक्सफर्डचे विल्यम बकलंड पाद्रीही होते आणि भूगर्भशास्त्रज्ञही. कर्कडेलच्या गुहेतली हाडं तरसांनीच चघळली का, हे पडताळायला त्यांनी जिवंत तरसाला बैलाची हाडं घातली आणि दातांच्या खुणा ताडून पाहिल्या. असा चिकित्सक माणूस १८३६ मध्ये चामर्स यांच्या बाजूने उभा राहिला, हे महत्त्वाचं.

पाथरवटकाम केलेल्या ह्यू मिलर यांना ही फट आधी पटली, नंतर खटकली. त्यांनी ‘उत्पत्ती’तल्या सृष्टिनिर्मितीचा एकेक दिवसच युगाएवढा ताणला. तरी १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांत फटीलाच जागा मिळाली.