परदेशातून आलेला ‘अनलॉक्ड’ फोन आणि नागपूर : लहरी, लिपी व कायद्यांचा छोटा इतिहास

१/
गेल्या दोन दशकांत नागपूरच्या अनेक घरांत एक वस्तू परदेशी नातेवाइकाच्या बॅगेतून आली : खोक्यावर ‘अनलॉक्ड’ असे छापलेला स्मार्टफोन. घरात त्या शब्दाचा अर्थ ‘कुठेही चालणारा’ असा घेतला जाई. प्रत्यक्षात तो शब्द फार थोडे सांगत होता. एक कुलूप उघडले होते. बाकीची कुलपे नागपुरात पोहोचल्यावर दिसत. ती कोणती होती आणि कशी उघडली, त्याचा हा इतिहास. (थ्रेड)

२/
प्रथम मूळ कुलूप. अमेरिकेत मोबाइल कंपन्या दोन वर्षांच्या करारावर फोन कमी किमतीत देत आणि त्या बदल्यात तो आपल्याच सिमकार्डावर चालेल अशी सॉफ्टवेअरची बेडी घालत. भारतात बहुतेक ग्राहक हँडसेट एका दुकानातून घेत आणि सिमकार्ड स्वतंत्र, तेही बहुधा प्रीपेड. त्यामुळे सीताबर्डीच्या बाजारात फोन घेणाऱ्याला ‘लॉक’ ही कल्पनाच परकी होती. आयात फोनाबरोबर ती शहरात आली.

३/
२९ जून २००७ रोजी पहिला आयफोन अमेरिकेत विक्रीस आला, तो फक्त एटी अँड टी या कंपनीच्या सेवेसह. ऑगस्टमध्येच जॉर्ज हॉट्झ या न्यू जर्सीच्या सतरा वर्षांच्या मुलाने त्याचे कुलूप उघडून दाखवले. सप्टेंबरअखेर ॲपलचे नवे सॉफ्टवेअर आले आणि अशा रीतीने उघडलेले कित्येक फोन निकामी झाले. आयात फोन बाळगणाऱ्यांचा जगभरचा पहिला नियम तेव्हा ठरला : फोन चालतो आहे तोवर अपडेट करू नये.

४/
हे कुलूप उघडणे कायदेशीर होते का? अमेरिकेत २००६ साली त्याला कॉपीराइट कायद्यातून सूट मिळाली. जानेवारी २०१३ मध्ये ती संपली, तेव्हा एक लाखाहून अधिक लोकांनी व्हाइट हाउसकडे अर्ज केला, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ग्राहकाला हा हक्क देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामांनी स्वाक्षरी केली. म्हणजे ‘अनलॉक्ड’ या साध्या शब्दामागे आठ वर्षांचा वाद उभा आहे. तरीही तो वाद ग्राहक आणि कंपनी यांच्यातला होता. फोन आणि देश यांच्यातील नाते त्याने बदलले नाही.

५/
परदेशी वस्तू आणि येथील लहरी यांचा बेबनाव मोबाइलपेक्षा जुना आहे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्याचे मध्यमलहरी प्रक्षेपण ५८५ किलोहर्ट्झवर होत असे. १९७८ पासून आशिया, युरोप आणि आफ्रिकेत मध्यमलहरींवरील केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर ठेवण्याची पद्धत लागू झाली. अमेरिका खंडात मात्र १० किलोहर्ट्झचे अंतर कायम राहिले.

६/
परिणाम असा की केवळ अमेरिकेसाठी बनवलेला, आकडे दाखवणारा डिजिटल रेडिओ १०-१०च्या पायऱ्यांनी पुढे सरके. तो ५८० वर थांबे किंवा ५९० वर. ५८५ वर कधीच नाही. १९८८ मध्ये नागपूरहून सुरू झालेल्या आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीचीही तीच गत, कारण ती १५६६ वर होती. रेडिओत बिघाड काहीच नव्हता. दोन खंडांनी आकाशाची वाटणी वेगळ्या मापाने केली होती, एवढेच.

७/
मोबाइलच्या बाबतीत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांच्याशी केलेला संवाद हा भारतातील पहिला मोबाइल कॉल. देशाची विभागणी परवाना-मंडळांत झाली. मुंबईचे मंडळ वेगळे, आणि उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून एक; नागपूर त्यात आले. भारताने युरोपची जीएसएम पद्धत घेतली, प्रथम ९०० आणि पुढे १८०० मेगाहर्ट्झवर. अमेरिकेतील जीएसएम ८५० आणि १९०० वर होते. केवळ अमेरिकी बँडांचा फोन नागपुरात सुरू होई, घड्याळ दाखवी, पण त्याला नेटवर्क सापडत नसे.

८/
काही अमेरिकी फोनांना तर सिमकार्डाची खाचच नव्हती. फेब्रुवारी २०११ मध्ये व्हेरायझनने विकायला घेतलेला आयफोन ४ सीडीएमए पद्धतीचा होता. जीएसएमचे सिम त्यात बसवण्याची सोय नव्हती. भारतातही सीडीएमए सेवा होती. रिलायन्स इन्फोकॉमने ती २००२ च्या अखेरीस मोठ्या गाजावाजाने आणली होती. पण जीएसएमचा क्रमांक वापरणाऱ्याला अशा फोनाचा उपयोग नव्हता. फोन कोणत्या कंपनीसाठी बनला होता, हे तो ‘अनलॉक्ड’ आहे की नाही याहून महत्त्वाचे ठरे.

९/
तिसऱ्या पिढीचे नेटवर्क आले तेव्हा कुलूप आणखी सूक्ष्म झाले. आता फोन लागे, बोलणे होई, पण इंटरनेट रांगे. नोकियाच्या एन९५ची उत्तर अमेरिकी आवृत्ती ८५० आणि १९०० वर थ्रीजी पकडे. भारताने थ्रीजीसाठी २१०० निवडले. ती आवृत्ती नागपुरात कायम टूजीवरच राहणार होती. उलट प्रकारही घडला : २२ ऑगस्ट २००८ रोजी आयफोन थ्रीजी भारतात ३१,००० रुपयांपासून पुढे अधिकृतपणे विकला जाऊ लागला, तेव्हा देशात थ्रीजी सेवाच सुरू झालेली नव्हती.

१०/
खासगी कंपन्यांसाठी थ्रीजी लहरींचा लिलाव २०१० मध्ये झाला. तो ३४ दिवस चालला आणि सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले. महाराष्ट्र मंडळात आयडिया, व्होडाफोन आणि टाटा यांना लहरी मिळाल्या. एअरटेलला मिळाल्या नाहीत. म्हणून २१०० पकडणारा, हर प्रकारे योग्य फोनही नागपुरात कोणते सिम घातले आहे यावर वेगवान किंवा मंद ठरे. ग्राहकाच्या खिशातील वेग दिल्लीतील लिलावाने ठरवला होता.

११/
फोरजीत पुन्हा तेच. भारतातील पहिली फोरजी सेवा एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात २३०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे ‘बँड ४०’वर सुरू झाली. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन ६च्या ए१५४९ या मॉडेलमध्ये बँड ४० नव्हता. ए१५८६ या मॉडेलमध्ये होता. दोन्ही फोन शेजारी ठेवले तर दिसायला एकसारखे. पहिल्यालाही १८०० सारख्या इतर बँडांवर फोरजी मिळू शके, पण जेथे केवळ २३०० चे टॉवर होते तेथे तो मागे पडे. फरक पाठीवरील बारीक अक्षरांत होता.

१२/
५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि नवे कुलूप समोर आले. जिओकडे टूजी किंवा थ्रीजी नव्हतेच. आवाजदेखील ‘व्होल्टी’ पद्धतीने, फोरजीवरून जाई. ज्या आयात फोनांत या नेटवर्कसाठी व्होल्टीची जुळणी नव्हती, त्यांवर चित्रफिती उत्तम चालत आणि साधा कॉल मात्र लागत नसे. त्यासाठी वेगळे ॲप उघडावे लागे. दूरध्वनीचे मूळ कामच करू न शकणारा महागडा दूरध्वनी, अशी ती अवस्था होती.

१३/
लहरींची अडचण निदान सर्वांना सारखी होती. लिपीची अडचण मराठी माणसाची होती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण अक्षरे साठवणे आणि ती नीट मांडणे ही दोन कामे आहेत. ‘विदर्भ’ हा शब्द साठवताना आधी ‘व’ येतो, मग वेलांटी. दिसताना वेलांटी ‘व’च्या आधी यावी लागते, आणि ‘र’चा रफार होऊन तो ‘भ’वर चढावा लागतो. हे नियम न शिकवलेल्या फोनावर ‘नागपूर’ कसेबसे वाचता येई. ‘विदर्भ’ मोडून पडे. टंकच नसेल तर केवळ रिकामे चौकोन दिसत.

१४/
भारतात विकल्या जाणाऱ्या काही संचांत कंपन्या देवनागरीची सोय घालत. त्याच नावाच्या परदेशी संचात ती असेलच असे नव्हते. अधिक पैसे मोजून आणलेल्या फोनावर आईने पाठवलेला मराठी संदेश वाचता येऊ नये, ही उणीव वेगाच्या उणिवेपेक्षा खोल होती. वापरणाऱ्यांनी त्यावर वाट काढली. ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये एक आडबाजूची सेटिंग होती. ती चालू केली की अक्षरांचे चित्र सर्व्हरवर तयार होऊन फोनाकडे येई. संदेशांसाठी बहुतेकांनी रोमन लिपी पत्करली. ‘कसा आहेस’ हे इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची सवय जडण्यामागे आळस जितका होता, तितकीच ही तांत्रिक अडवणूकही होती.

१५/
हे कुलूप टप्प्याटप्प्याने उघडले. अँड्रॉइडच्या २०११ मधील ४.० आवृत्तीपासून देवनागरीची मांडणी सुधारत गेली. आयफोनात मराठीचा कळफलक २०१४ च्या आयओएस ८ बरोबर आला. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांवर भारतीय भाषांतील मजकूर वाचता येण्याची सक्ती करणारा नियम अधिसूचित केला. त्यात इंग्रजी, हिंदी आणि आणखी एका भारतीय भाषेत लिहिण्याच्या सोयीचीही अट होती. लिपीला प्रथमच कायद्याचे पाठबळ मिळाले.

१६/
कायद्याची दुसरी बाजूही होती. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला आणि नोव्हेंबर २००९ अखेरपासून वैध आयएमईआय क्रमांक नसलेल्या फोनांची सेवा तोडण्यात आली. अस्सल अमेरिकी फोन यातून सुटला. बाजारातील निनावी चिनी संच अडकले. अस्सल फोनाला वेगळा काच होता : अनेक कंपन्यांची हमी विक्रीच्या देशापुरतीच असे. पडदा फुटला तर अधिकृत केंद्राऐवजी बाजारातील कारागीर गाठावा लागे. पुढे आयात शुल्क वाढत २०१८ मध्ये २० टक्क्यांवर गेले. भारतातील किंमत वाढली आणि परदेशातून फोन आणवण्याचा मोह टिकून राहिला.

१७/
फोन ज्या देशातून येई, तेथील रीतही सोबत आणी. जपानी आयफोनात छायाचित्र काढताना होणारा आवाज बंद करता येत नसे. संयुक्त अरब अमिरातीत घेतलेल्या आयफोनात फेसटाइम नसे. २०२२ पासूनच्या अमेरिकी आयफोनात सिमची खाच नाही, केवळ ई-सिम. शिवाय हवामान : ॲपल आपल्या फोनांसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान योग्य सांगते, आणि नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अर्थात उन्हाळ्याचे हे कुलूप आयात आणि देशी दोन्ही फोनांना सारखेच लागू होते.

१८/
मग हे अंतर मिटले का? बरेचसे. २०१७ मध्ये बंगळूरूत आयफोनची जुळणी सुरू झाली. पुढच्या फोनांत बँडांची संख्या इतकी वाढली की पूर्वीचे मुकेपण दुर्मीळ झाले. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी एअरटेलने ज्या पहिल्या आठ शहरांत फाइव्हजी आणले, त्यांत महाराष्ट्रातून मुंबई आणि नागपूर अशी दोनच शहरे होती. तरीही त्या दिवशी आयफोनवर, देशी असो वा परदेशी, फाइव्हजी दिसले नाही. ॲपलचे अपडेट डिसेंबरमध्ये आले. २००७ मध्ये अपडेटने फोन मारला होता, २०२२ मध्ये अपडेटवाचून फोन अडला. दोन्ही वेळा किल्ली मालकाच्या हाती नव्हती.

१९/
या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. फोन एकट्याला विकत घेता येतो. त्याच्या भोवतीची व्यवस्था एकट्याला विकत घेता येत नाही. लहरींचे वाटप, लिपीचे प्रमाणीकरण, ग्राहकाचा हक्क ही सामूहिक कामे आहेत आणि ती झाली तेव्हाच नागपूरकराच्या हातातील वस्तू खऱ्या अर्थाने उघडली. मराठी अक्षर पडद्यावर सरळ दिसणे आज स्वाभाविक वाटते. पंधरा वर्षांपूर्वी ते नव्हते.

२०/
घराच्या कपाटात असा एखादा जुना परदेशी फोन पडून असेल, तर भंगारात देण्यापूर्वी त्याच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक टिपून ठेवावा. त्या क्रमांकावरून फोन कोणत्या देशासाठी बनला, कोणत्या लहरी पकडत होता आणि नागपुरात त्याला काय काय जमले नसेल, हे सांगता येते. नाणे आणि ताम्रपट यांच्याइतकेच तेही इतिहासाचे साधन आहे. (समाप्त)