ॲपल टूला पळवताना : वेगवान कार्डाला थांबायला शिकवण्याची गोष्ट

आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. संगणकाचा वेग वाढवायचा, तर ठोके देणारा क्रिस्टल बदलला की झालं, असं आपल्याला वाटतं. मग १९८० च्या दशकात ॲपल टूसाठी ॲक्सिलरेटर कार्डं बनवणाऱ्यांना एवढा खटाटोप का करावा लागला?

१९७७ च्या ॲपल टूमधला ६५०२ प्रोसेसर साधारण १ मेगाहर्ट्झवर चालायचा, म्हणजे एक ठोका एका मायक्रोसेकंदाचा. ॲक्सिलरेटर कार्डावर स्वतःचा वेगवान प्रोसेसर आणि वेगवान मेमरी असे. अप्लाइड इंजिनिअरिंगचं ट्रान्सवॉर्प सुमारे ३.६ मेगाहर्ट्झवर धावायचं. अडचण होती ती मूळ यंत्राच्या काटकसरीत.

स्टीव्ह वॉझनियाक यांनी १९७८ च्या फ्लॉपी ड्राइव्हचा कंट्रोलर मोजक्याच चिप्समध्ये बसवला आणि उरलेलं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. फ्लॉपीवर एक बाइट लिहायला ३२ मायक्रोसेकंद लागत. म्हणून प्रोग्रॅमच्या सूचनाच अशा मोजून रचलेल्या, की दर बाइटमागे नेमके ३२ ठोके पडावेत. आता बघा, प्रोसेसर साडेतीन पट पळाला, की हेच ३२ ठोके नऊ मायक्रोसेकंदांत संपतात. डिस्कवर मग कचराच लिहिला जाणार आणि आधीची माहितीही जाणार! स्पीकरचा आवाज आणि जॉयस्टिकचं वाचनही असंच ठोक्यांवर बेतलेलं होतं.

उपाय असा निघाला : प्रोसेसर कोणत्या पत्त्यावर जातोय, यावर कार्डानं लक्ष ठेवायचं. फ्लॉपीच्या स्लॉटचा पत्ता दिसला, की थोडा वेळ १ मेगाहर्ट्झवर उतरायचं. काम झालं, की पुन्हा पळायचं.

पुढे १९८६ मध्ये २.८ मेगाहर्ट्झचा टूजीएस आला आणि त्यासाठी ७ मेगाहर्ट्झचं ट्रान्सवॉर्प जीएस. हौशी मंडळी तेवढ्यावर थांबली नाहीत. पण हिशेब कडक होता. ७ मेगाहर्ट्झला एक ठोका सुमारे १४३ नॅनोसेकंदांचा, १० ला १०० चा. त्यातही ६५सी८१६ प्रोसेसर ठोक्याच्या पहिल्या अर्ध्या भागात डेटाच्याच पिनांवरून पत्त्याचा वरचा भाग पाठवतो. म्हणजे मेमरीला उत्तर द्यायला उरतो जेमतेम अर्धा ठोका. नुसता क्रिस्टल बदलून भागत नाही. प्रोसेसर, कॅश मेमरी आणि मधल्या लॉजिक चिप्स, सगळ्यांनाच तो वेग झेपावा लागतो. शिवाय गरम झाल्यावर या चिप्स मंदावतात. सुरू करताना ठणठणीत वाटणारं कार्ड अर्ध्या तासानं अडकू शकतं. म्हणून खरी परीक्षा काही मिनिटांची नसते, कित्येक तास चालवून बघावं लागतं.

१९८८ मध्ये खुद्द ॲपलनं ४ मेगाहर्ट्झचा टूसी प्लस आणला, पण त्यातही जुन्या वेगानं चालवायची सोय मुद्दाम ठेवली. यंत्र पळवणं त्या मानानं सोपं होतं. लोकांच्या फ्लॉप्यांमधली वर्षांची मेहनत सुखरूप राहायची, तर कुठे थांबायचं हे त्याला कळणं जास्त गरजेचं होतं.