नंतर सांगतो

गेल्या दिवाळीत यवतमाळला घरी गेलो होतो. माळा आवरताना एक दगडी पाटी हाती लागली. लाकडी चौकट, एका कोपऱ्यात तडा गेलेला. भाच्याने विचारलं, "मामा, हे काय आहे?" मी म्हटलं, "हा आपला जुना टेलिफोन." तो खो खो हसला. पण मी काही खोटं बोललो नव्हतो.

आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ (पुण्या-मुंबईकडच्या मंडळींसाठी हा खुलासा!), यांना जन्मापासून ऐकू येत नाही. नागपूरला मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकले आणि मग यवतमाळच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचं काम त्यांनी पंचवीसेक वर्षं केलं. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही मजकूर ते सारख्याच वेगाने जुळवत. उलटी अक्षरं सुलटी वाचणारा माणूस! वाचायला एवढं तरबेज, पण घरातली अर्धी बातमी त्यांना सगळ्यांत शेवटी कळायची.

१९९६ साली आमच्याकडे फोन आला. अर्ज कधी केला होता ते आजोबांनाही आठवत नव्हतं, इतकी वर्षं लोटली होती. फोनला हळदकुंकू वाहिलं, शेजाऱ्यांना पेढे वाटले. मोठेबाबांनी फोनवर हात ठेवून घंटीची थरथर अनुभवली आणि हसले. पुसदची आत्या रात्री दर कमी झाले की फोन करायची. एकेक जण पाळीपाळीने बोलायचा. मोठेबाबा शेजारी बसून प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. त्यांच्यासाठी पाटीवर लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा बारा वर्षांचा.

पाटी सापडल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. बहिऱ्या माणसांच्या फोनबद्दल जे मिळेल ते वाचत सुटलो. त्यातलं थोडं इथे सांगतो.

काय गंमत आहे बघा. १८७६ साली टेलिफोनचं पेटंट घेणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे मुळात बहिऱ्या मुलांचे शिक्षक. त्यांच्या आईला कमी ऐकू यायचं आणि बायको मेबल लहानपणीच्या आजारात पूर्ण बहिरी झालेली. असल्या माणसाच्या हातून असं यंत्र निघालं, की ज्याने पुढची जवळजवळ नव्वद वर्षं बहिऱ्यांनाच दाराबाहेर उभं केलं. आधी सगळेच पत्र लिहीत, भेटायला जात. तेव्हा बहिरा माणूस फारसा मागे नव्हता. सगळं जग फोनवर बोलायला लागलं आणि तो एकटा पडला.

यातून वाट काढली ती तीन बहिऱ्या माणसांनीच. कॅलिफोर्नियातले रॉबर्ट वाइटब्रेख्ट हे पदार्थवैज्ञानिक होते. रेडिओवरून टेलिप्रिंटर चालवायचा त्यांना छंद होता. जेम्स मार्स्टर्स हे पॅसाडिनाचे दातांचे डॉक्टर आणि अँड्र्यू सॅक्स हे इंजिनियर. टेलिप्रिंटर म्हणजे पूर्वी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत खडखड करत बातम्या छापायचा ते धूड. असा टेलिप्रिंटर साध्या फोनच्या तारेवर चालवायचा, ही त्यांची कल्पना.

अडचण अशी, की तिथली बलाढ्य टेलिफोन कंपनी आपल्या तारेला दुसऱ्या कुणाचं यंत्र जोडू देत नव्हती. मग वाइटब्रेख्ट यांनी तारेला हातच लावला नाही. फोनचा रिसीव्हर उचलून रबराच्या दोन वाट्यांत ठेवायचा. टाइप केलेल्या अक्षराचे सूर होणार, एक १४०० हर्ट्‌झचा, दुसरा १८०० हर्ट्‌झचा. ते सूर रिसीव्हरमधून पलीकडे जाणार आणि तिथल्या यंत्रात त्यांची परत अक्षरं होणार. म्हणजे माणसाऐवजी यंत्रं एकमेकांशी फोनवर बोलणार! मे १९६४ मध्ये वाइटब्रेख्ट आणि मार्स्टर्स यांच्यात असा पहिला लांब पल्ल्याचा फोन झाला. घंटी ऐकू येत नाही म्हणून दिवा लुकलुकायची सोय केली. १९६८ पासून कंपन्यांचे भंगारातले टेलिप्रिंटर गोळा करून, दुरुस्त करून ते बहिऱ्यांच्या घरी पोचवायला एक संघटनाच उभी राहिली.

या संभाषणाची एक रीत होती. दोघांनी एकदम टाइप केलं तर नुसता काला होतो. म्हणून आपलं म्हणणं संपलं की 'जीए' ही दोन अक्षरं टाइप करायची. अर्थ, 'आता तू बोल'. फोन ठेवायचा असेल तर 'एसके'. मला हे फार आवडलं. समोरच्याचं बोलणं पुरतं संपेपर्यंत थांबायचं, हा त्या यंत्राचा नियमच होता.

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडे का नाही आलं? एक तर फोनच नव्हते. १९९१ साली भारतात शंभर माणसांमागे एकसुद्धा फोन भरत नव्हता. शिवाय हे यंत्र दोन्ही टोकांना लागतं. यवतमाळात एक असून उपयोग काय, पुसदला दुसरं नको? आणि तिसरं कारण मोठेबाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच मान डोलावली. त्या यंत्राची लिपी पाच खुणांची, म्हणजे एकूण जोड्या फक्त बत्तीस. इंग्रजीची सव्वीस अक्षरं त्यात बसतात. आकड्यांसाठी कळ बदलायची. मराठीच्या काना-मात्रा-जोडाक्षरांचं काय? मोठेबाबांच्या केसमध्ये खिळ्यांचे खण शेकड्यांनी असायचे. पुढे आपल्याकडे देवनागरी टेलिप्रिंटर बनले खरे, पण ते काही कुणाच्या घरात येण्यातले नव्हते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो त्याकडे येतो.

समोरच्याकडे यंत्र नसेल तर काय, यावर अमेरिकेत उपाय निघाला तो मध्यस्थाचा. बहिऱ्या माणसाने टाइप करायचं, मधल्या ऑपरेटरने ते वाचून दाखवायचं आणि ऐकलेलं उत्तर टाइप करून पाठवायचं. १९९० च्या अपंग हक्क कायद्याने ही सेवा देशभर देणं बंधनकारक केलं आणि त्यासाठी जुलै १९९३ ची मुदत दिली. तिचे नियम वाचले आणि मी थांबलोच. ऑपरेटरने संभाषणात फेरफार करायचा नाही. ऐकलं तसंच्या तसं पोचवायचं. आणि बाहेर कुणापाशी त्याचा अवाक्षर उच्चार करायचा नाही.

आमच्या घरचा ऑपरेटर मी होतो. आत्या दहा मिनिटं बोलली तर मी पाटीवर चार शब्द लिहायचो. 'सगळे बरे आहेत.' मोठेबाबा हाताने विचारायचे, अजून काय म्हणाली? मी खुणेनेच म्हणायचो, नंतर सांगतो. ते नंतर कधी यायचंच नाही. आणि मी एकटा नव्हे, घरातले सगळेच तसं करायचे.

१९९७ च्या दिवाळीत आत्याचा फोन आला. म्हणाली, "मला बरं नाही, डॉक्टरांनी प्रवास नको सांगितला आहे. दादाला सांग, या वर्षी भाऊबीजेला तूच ये. वाट बघते म्हणावं." बाहेर पोरं फटाके उडवत होती. मी पाटीवर लिहिलं, 'आत्या यंदा येत नाही.' आणि पळालो.

मोठेबाबा गेले नाहीत. बहिणीने आपल्याला टाळलं असं त्यांना वाटलं. तिकडे आत्याला वाटलं, बोलावूनही दादा आला नाही. एसटीने तीनेक तासांचं अंतर, पण पुढे कितीतरी वर्षं दोघं लग्नाकार्यात भेटायची, नमस्कार-चमत्कार व्हायचे, आणि बस्स. भाऊबीज बंद. मला कारण माहीत होतं. आधी भीती वाटली म्हणून बोललो नाही आणि नंतर लाज वाटली म्हणून.

२००५ साली मोठेबाबांनी मोबाइल घेतला. घरात सगळे हसले होते, यांना कशाला मोबाइल! पण उशीखाली थरथरणारा तो डबा त्यांच्या आयुष्यातला पहिला स्वतःचा फोन होता. मधे कोणी नाही. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, तीही शिकली. तेव्हा रोमन लिपीतलं मराठी लिहावं लागायचं, आणि देवनागरी उमटली तरी एका एसएमएसात १६० ऐवजी ७० च अक्षरं मावायची. तरी दोघं लिहू लागली. त्या वर्षीच्या भाऊबीजेला, सणाचे जादा पैसे पडत असताना, आत्याने विचारलं, 'दादा, त्या वर्षी तू का आला नाहीस?'

मोठेबाबा फोन घेऊन माझ्याकडे आले. मी वाचलं. ते काही रागावले नाहीत. फक्त माझ्याकडे बघत राहिले, फोनच्या दिवसांत बघायचे तसेच. मग मी कागद घेतला आणि १९९७ चा तो फोन आठवेल तसा, पूर्ण लिहून दिला. आठ वर्षं उशिरा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते पुसदला गेले.

आता काळ पार बदलला. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि मोठेबाबा शाळेतल्या जुन्या मित्रांशी व्हिडिओवर हातवारे करून तासन्‌तास गप्पा मारतात. तिकडे अमेरिकेतही ती जुनी यंत्रं आता अडगळीत गेली आहेत. पण जेवताना दहा जण एकदम बोलायला लागले की मोठेबाबा अजूनही चेहरे बघतात. तिथे कुठलं यंत्र कामाला येत नाही. तिथे आपणच लागतो.

परवाच जेवताना कुणीतरी विनोद केला, सगळे हसले. मोठेबाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पान बाजूला सारलं आणि तो विनोद पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून दिला. विनोद अगदीच टुकार होता, हे त्यांनी मला लगेच खुणेने सांगितलं!

असो. तुमच्या घरात असं कोणी असेल, तर 'नंतर सांगतो' म्हणू नका. एवढंच.