कोलब्रुकडेलची जुनी भट्टी

इंग्लंडच्या पश्चिम भागात, श्रॉपशर परगण्यात, सेव्हर्न नदीला मिळणाऱ्या एका अरुंद दरीत कोलब्रुकडेल हे गाव वसले आहे. तेथे छपराखाली दगडविटांची एक जुनी भट्टी जतन करून ठेवली आहे. दिसावयास ती पडक्या बुरुजासारखी दिसते. परंतु गेल्या तीनशे वर्षांत लोखंडाने जगाचे जे रूप पालटले, त्याचा एक प्रमुख धागा या भट्टीशी जाऊन पोचतो.

अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात खनिज वितळविण्यासाठी लाकडाचा कोळसा, म्हणजे लोणारी कोळसा, वापरीत. त्यासाठी रानेच्या राने राखावी लागत, आणि मिळेल तेवढ्या लाकडावरच भट्ट्यांचा पसारा ठरे. दगडी कोळसा मुबलक होता. परंतु त्यातील गंधक लोखंडात उतरे आणि ते ठिसूळ बने. हा कोळसा लोखंडाच्या कामी आणण्याचे प्रयत्न सतराव्या शतकातही झाले होते. मात्र त्यांचा जम बसला नव्हता.

अब्राहम डार्बी हा क्वेकर पंथाचा गृहस्थ. उमेदवारी त्याने माल्ट दळण्याच्या चक्क्या करणाऱ्या कारागिराकडे केली होती. मद्यासाठी भिजवून मोड आणलेले जव वाळविताना धुराचा वास लागू नये, म्हणून त्या धंद्यात दगडी कोळसा आधी भाजून त्याचा कोक करण्याची रीत होती. पुढे ब्रिस्टल येथे पितळेच्या धंद्यात असताना वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याची पद्धत त्याने साधली व १७०७ साली तिचे पेटंट घेतले. त्यानंतर कोलब्रुकडेलची पडीक भट्टी भाडेपट्ट्याने घेऊन १७०९ साली त्याने ती कोकवर चालविली. तेथील कोळशात गंधक कमी होते, हे त्याच्या यशाचे एक मोठे कारण होय.

या यशातून प्रथम निर्माण झाली ती स्वयंपाकाची भांडी. कोकवर निघालेले बीड पातळ वाहे, साच्याच्या कानाकोपऱ्यांत शिरे. त्यामुळे हलकी, पातळ व स्वस्त भांडी होऊ लागली. मात्र घडीव लोखंड करणारे लोहार या बिडाला हात लावीत नसत. त्यातील सिलिकॉनमुळे ते शुद्ध करण्यास खर्च फार येई. डार्बी १७१७ साली निवर्तला. लोहारांच्या भट्टीला चालेल असे कोकचे बीड त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत, १७५० नंतर निघू लागले. दरम्यान दुसरी अडचण होती पाण्याची. भट्टीचे भाते पाणचक्कीवर चालत आणि उन्हाळ्यात ओढा आटे. म्हणून १७४० नंतरच्या दशकात वाफेचे यंत्र बसवून वाहून गेलेले पाणी पुन्हा वरच्या तळ्यात चढविण्यात आले. अशा यंत्रांची लोखंडी सिलिंडरेही येथेच ओतली जात होती.

भट्टीच्या एका तुळईवर तिसऱ्या अब्राहम डार्बीचे नाव आणि १७७७ हे साल आजही वाचावयास मिळते. त्याच्याच पुढाकाराने सेव्हर्नवर १७७९ साली बिडाच्या कमानींचा पूल उभा राहिला. सुमारे ३७८ टन लोखंड त्यास लागले. १७८१ साली तो वाहतुकीस खुला झाला. एवढ्या मोठ्या पुलाला बिडाचा आधार देता येतो, हे जगाने प्रथम तेथे पाहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत भट्टी विझली व हळूहळू राडारोड्याखाली गाडली गेली. अडीचशे वर्षे पुरी होताना, १९५९ साली, ती उकरून लोकांपुढे ठेवण्यात आली. १९८६ साली आयर्नब्रिजच्या साऱ्या परिसरास जागतिक वारशाचा मान मिळाला.

जमशेदपूर किंवा भिलाई येथील प्रचंड झोतभट्ट्यांतही खनिज, कोक आणि चुनखडीच वरून ओतली जाते. डार्बीच्या रीतीने लोखंडाचे जंगलावरील अवलंबन सुटले. आणि लोखंडासाठी भूगर्भातील कोळसा जाळण्याचे पर्वही त्याच रीतीने सुरू झाले. त्या धुराने तापलेल्या जगाला आज कोळशावाचून पोलाद करावयाचे आहे. तो मार्ग शोधणाऱ्यांनी कोलब्रुकडेलचा कालक्रम ध्यानी ठेवावा: भांड्यांपासून पुलापर्यंत पोचावयास तेथे तीन पिढ्या आणि सत्तर वर्षे लागली.